तळ्यांच्या मुलखातलं कोरडं छप्पर

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्टेशनं मागे पडल्यावर हातातलं पुस्तक मिटून ठेवा. तिरोडा आलं की आपण गोंदिया जिल्ह्यात शिरलेलो असतो. बाहेर दोन्ही बाजूंना चौकटीचौकटींची शेतं दिसू लागतात. या एकेका चौकटीला इकडे बांधी म्हणतात. चारी बाजूंना मातीचा धुरा घातलेला आणि मध्ये सपाट जमीन. पावसाचं पाणी या धुऱ्यांनी अडवायचं आणि त्यात धान पिकवायचं. हो, इकडे भात म्हणजे ताटातला. शेतातला तो धान, आणि लावणीला म्हणायचं रोवणी.

महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यातला हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आठ तालुके, एका बाजूला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. पण नकाशावर याची खरी ओळख पटते ती निळ्या ठिपक्यांनी. इथे हजाराहून जास्त जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव असं त्यांचं सरकारी नाव. एवढं लांब नाव कोण घेणार? म्हणून सगळे म्हणतात 'मामा तलाव'! अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. डोंगरांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि आभाळातून पडलेलं पाणी तिथेच बसवून ठेवलं. ना सिमेंट, ना यंत्र.

थोडक्यात काय, पाणी कसं अडवायचं हे या मुलखाला कोणी शिकवायला नको.

पण दोस्तांनो, याच लोकांना दरवर्षी एक अगदी उलटं काम करावं लागतं. बांधीत पाण्याचा थेंब न थेंब अडवायचा आणि घरावर मात्र एकही थेंब थांबू द्यायचा नाही! मी मे महिन्याच्या अखेरीस या भागात फिरत होतो, ते हे दुसरं काम बघण्यासाठी. नवेगावचे पक्षी, नागझिऱ्याचे वाघ, दरेकशाजवळचा हाजरा धबधबा हे सगळं बघायला लोक येतात. घरांची छपरं बघायला आलेला बहुधा मी एकटाच असेन. लोकांनीही माझ्याकडे जरा तशाच नजरेने बघितलं.

आधी एक छोटंसं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण तेराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आता दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असं एक घर घ्या. शंभर चौरस मीटर. त्याच्या डोक्यावर वर्षभरात किती पाणी पडलं? एक लाख तीस हजार लिटर! दहा हजार लिटरचे तेरा टँकर एका घरावर ओतल्यासारखं. त्यातलं बहुतेक सगळं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जोराच्या पावसाच्या एखाद्या दिवशी तर शंभर मिलीमीटर सहज पडतो, म्हणजे एका दिवसात एक अख्खा टँकर.

आणि या टँकरखाली काय असतं? माणसं, अंथरुणं आणि शाळेची दप्तरं तर असतातच. पण या मुलखातल्या जुन्या घरात आणखी एक मौल्यवान वस्तू असते. माजघराच्या वर लाकडी पाट्या टाकून, त्यावर मातीचा थर देऊन माळा केलेला असतो. त्या माळ्यावर, नाहीतर खाली बांबूच्या शेणामातीने सारवलेल्या कणग्यांत वर्षभराचा धान भरून ठेवतात. त्यातच पुढच्या हंगामाचं बियाणंही असतं. हा धान भिजला तर तो कुबट होतो, तांदूळ पिवळा पडतो, कधी कधी दाण्याला चक्क कोंब फुटतात. सरकारी खरेदी केंद्रावर धानात सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. तिथे सुई खुपसून ओलावा मोजायचं यंत्रच असतं. म्हणजे छपरातून टपकणारा एक थेंब रात्रभर एकाच कणगीत पडत राहिला, तर सकाळी घरातल्या मोठ्या माणसांचा चेहरा का उतरतो, ते कळलं ना?

भिंतीची गोष्ट तर आणखी गंभीर. भिंत मातीची. बाहेरून तिच्यावर पावसाचे शिंतोडे आले तर ती सोसते. पण वरून, तिच्या डोक्यात पाणी मुरायला लागलं तर ती आतून मऊ होत जाते आणि एखाद्या रात्री खाली बसते. झाडीपट्टीत दर पावसाळ्यात घर पडल्याच्या बातम्या येतात, त्यात माणसंही दगावतात. म्हणून छपराचं काम इथे कोणी उद्यावर टाकत नाही.

ते काम करायची वेळ ठरलेली. रोहिणी नक्षत्र लागतं २५ मेच्या सुमारास, मृग लागतो ७-८ जूनला. या मधल्या दोन आठवड्यांत 'कवेलू फेरायचे'. पुण्या-मुंबईकडे ज्यांना कौलं म्हणतात, ते विदर्भातले कवेलू. आणि फेरायचे म्हणजे छपरावरचे सगळे कवेलू उचलून, झाडून, फुटके काढून, पुन्हा नीट बसवायचे. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात, कवेलू तव्यासारखे तापलेले. त्यामुळे फेरणारे पहाटे वर चढतात आणि दहा-साडेदहाला खाली उतरतात.

गोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी हे काम दोन सकाळी बघितलं. वर दोघं जण. एक उतारावर अंग अगदी हलकं करून बसलेला. पाय कवेलूंवर नाही, खालच्या लाकडाची जागा ओळखून तिथेच ठेवायचा. दुसरा शिडीवर, टोपलीतून नवे कवेलू पुरवणारा. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, घरातल्या आजी. त्या कुठे होत्या? आत, अंधारात! दार लोटून घेतलेलं. अंधाऱ्या खोलीतून वर बघितलं की जिथे कवेलू सरकलाय किंवा फुटलाय, तिथे उन्हाची टिकली चमकते. दुर्बीण नको, यंत्र नको. जिथून ऊन येतं तिथूनच पाऊस येणार. आजी हातातली बांबूची काठी त्या टिकलीतून वर सरकवायच्या आणि ओरडायच्या, "इथं पाहा जी! हां, तेच." वरच्या माणसाला छपरातून उगवलेलं काठीचं टोक दिसायचं आणि तो तिथे हात घालायचा. दोन सकाळी मी हा खेळ बघितला आणि मला तो फार आवडला. गळती शोधायची इतकी स्वस्त आणि बिनचूक पद्धत मला दुसरी माहीत नाही.

आता हा कवेलू नीट हातात घेऊन बघू. देशी कवेलू म्हणजे अर्धी नळी. कुंभार चाकावर उंच, एका टोकाला जरा निमुळती अशी मातीची नळी काढतो. तिला समोरासमोर दोन उभ्या रेघा पाडून ठेवतो. नळी जराशी वाळली की हलकेच थापटी मारायची. टक्! एका नळीचे दोन कवेलू. मग ते सुकवून भट्टीत भाजायचे. यासाठी लागते चिकण माती, आणि तळ्यांच्या मुलखात चिकण मातीला काय तोटा? गंमत बघा, ज्या जातीच्या मातीने पाळ बांधून पाणी अडवायचं, त्याच जातीच्या मातीने पाणी परतवायचं.

घराच्या आढ्यापासून खाली दोन पाखी उतरतात. लाकडी फाट्यांवर बांबूच्या कमच्या बांधलेल्या. त्यावर कवेलूंची पहिली ओळ उताणी, म्हणजे पन्हळीसारखी. शेजारी दुसरी पन्हळ. आणि दोन पन्हळींच्या मधल्या फटीवर तिसरा कवेलू पालथा. पालथ्या कवेलूवर पडलेलं पाणी घसरून शेजारच्या पन्हळीत जातं, पन्हळीतून खाली, पुढच्या पन्हळीत, तिथून वळचणीला आणि पागोळ्या होऊन अंगणात. वरचा कवेलू खालच्यावर चांगला चार-पाच बोटं चढलेला असतो, म्हणून पाण्याला मागे वळून आत शिरायला वाव नाही. एकाही कवेलूला खिळा नाही, चुना नाही, डिंक नाही. फक्त एकावर एक ठेवलेले!

हीच युक्ती जगात किती ठिकाणी सापडते म्हणून सांगू! स्पेन, इटली, ग्रीस इथली जुनी गावं अशाच अर्ध्या नळ्यांच्या लाल छपरांनी झाकलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन लोक खाली कडा वळवलेलं सपाट कौल घालत आणि दोन कौलांमधल्या सांध्यावर अर्धी नळी पालथी ठेवत. भूमध्य समुद्राकाठच्या कुंभाराने गोरेगावच्या कुंभाराला पत्र पाठवलं नसणार. पाणी सगळीकडे उताराकडेच धावतं, म्हणून दोघांना एकच उत्तर सापडलं.

पण थांबा, खरी मजा पुढेच आहे. कोरडा कवेलू बादलीभर पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे येतात आणि कवेलू जड होतो. म्हणजे तो पाणी पितो! भाजलेल्या मातीत बारीक बारीक छिद्रं असतात. मग जो स्वतःच पाणी पितो तो घर कोरडं कसं ठेवतो? कारण पाणी त्याच्यावर थांबतच नाही. वरच्या अंगाला थोडं पितो, तोवर बाकीचं निघून गेलेलं असतं. पाऊस उघडला की वाऱ्याने, उन्हाने प्यायलेलंही उडून जातं. छप्पर कोरडं राहतं ते कवेलू पक्का असतो म्हणून नव्हे, उतार पक्का असतो म्हणून. हा उतार साधारण पंचवीस-तीस अंशांचा लागतो. कमी झाला तर पाणी रेंगाळतं, फार झाला तर कवेलूच घसरत खाली येतात.

या छपराचा एक मोठा शत्रू आहे. पाऊस नव्हे, वारा नव्हे. वानरं! काळ्या तोंडाची, लांब शेपटीची टोळी एका घरावरून दुसऱ्या घरावर धाडधाड उड्या मारत गेली की मागे फुटक्या कवेलूंचा सडा. अवकाळी गारपीट हा दुसरा शत्रू, पण ती कधीमधी येते. वानरं रोज येऊ शकतात. "पान्याले उतार देता येते, वानराले काय द्यावं जी?" असं एका काकांनी मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हल्ली फेरायला येणारी माणसंही कमी झाली आणि देशी कवेलू करणारे कुंभारही. त्यामुळे पुष्कळ घरांवर इंग्रजी कवेलू आले. चपटे, लाल, खाचा असलेले, एकमेकांत अडकणारे. नाव इंग्रजी असलं तरी ते आले मंगलोरहून. तिथे १८६५ साली बासेल मिशन या जर्मन-स्विस मंडळींनी अशा कौलांचा कारखाना काढला होता. काही घरांवर टिनाचे पत्रे आले. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसून बघा आणि मग मला सांगा कसं वाटतं ते! आणि आता गावोगाव दिसतात ती घरकुलाची, स्लॅबची सपाट छपरं.

स्लॅब म्हटलं की आपल्याला वाटतं, झालं, सुटलो! लोखंडी सळ्या, सिमेंट, वाळू, गिट्टी. वानरं नाचोत की गारा पडोत. वर गच्ची मिळते. त्या गच्चीवर धान वाळवता येतो, पापड घालता येतात, उन्हाळ्यात झोपता येतं. कवेलूवर हे जमलं असतं का? नाही. म्हणून स्लॅबला नावं ठेवणाऱ्यांच्या रांगेत मी बसणार नाही. पण सपाट स्लॅबवर पाण्याला एक गोष्ट मिळते, जी कवेलूवर कधीच मिळत नव्हती. वेळ! आणि वेळ मिळाला की पाणी कुठेही शिरतं.

कसं ते बघा. मे महिन्यात गच्ची इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही. मृगाची पहिली सर आली की ती झपाट्याने थंड होते. तापली की काँक्रीट प्रसरण पावतं, थंड झालं की आकुंचन, हे विज्ञानात शिकलोच आहोत. दहा मीटर लांबीच्या स्लॅबमध्ये तीस अंशांचा फरक पडला तर लांबी सुमारे तीन मिलीमीटरने बदलते. एवढंसंच, पण काँक्रीट काही रबर नाही. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालली की त्यात केसासारख्या भेगा पडतात. कोरड्या वेळी त्या दिसतही नाहीत. वर पाणी साचलं की केशाकर्षणाने, म्हणजे कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, पाणी त्या भेगांतून सरकत जातं. आतल्या सळीला ओल लागते. सळी गंजते. गंज चढलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. छताचे पोपडे पडून आतली लाल सळी उघडी झालेली तुम्ही कुठेतरी नक्की बघितली असेल.

तेव्हा गच्चीवर काय करायचं? जुन्या वाड्यांत, बंगल्यांत सिमेंट नव्हतं तरी गच्च्या होत्या. चुना आणि विटांचा चुरा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा चिकट गर, मेथी, हिरडा असं काय काय घालून ते मिश्रण गच्चीवर पसरायचे. मग बायका ओळीने बसून लाकडी थापीने दिवसच्या दिवस ते चोपायच्या. चोपून चोपून त्यातली हवा आणि जास्तीचं पाणी निघून जाई आणि वर दगडासारखा गुळगुळीत थर तयार होई. सध्या एवढा वेळ कोणाकडे आहे? म्हणून आता बहुतेक ठिकाणी कोबा करतात.

गोंदिया शहरात एका दुमजली घराच्या गच्चीवर कोबा चालू होता. तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला वर येऊ दिलं, पण आधी चप्पल काढायला लावली. विटांचे तुकडे एका हौदात रात्रभर भिजत घातलेले. का? कोरडी वीट कवेलूसारखीच पाणी पिते. तशीच बसवली तर ती सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकेल आणि सिमेंट कच्चंच राहील. आधी स्लॅब झाडून, धुऊन, भेगांत सिमेंटचं पातळ पाणी सोडलेलं. मग भिजलेले तुकडे उभे लावत जायचे, मध्ये सिमेंट-वाळू भरायची आणि हे करताना उतार काढायचा. शंभर इंच लांबीला एक इंच उतार. म्हणजे गच्ची दहा मीटरची असेल तर एका टोकापेक्षा दुसरं टोक दहा सेंटीमीटर खाली. डोळ्यांना गच्ची सपाटच दिसते, पण गोटी ठेवली तर हळूहळू निघते. मी खरंच गोटी आहे का विचारलं, तेव्हा मिस्त्रीकाका हसले आणि त्यांनी पाण्याचा मग ओतून दाखवला. पाण्याची जीभ जराशी घुटमळली आणि मग सरळ कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाकडे निघाली.

कोब्यावर शेवटचा गुळगुळीत हात फिरवून दोरीने चौकोन पाडतात. आणि कठडा जिथे गच्चीला टेकतो, तिथे काटकोन ठेवत नाहीत. सिमेंटची गोलाई देतात. तिला वाटा म्हणतात. सगळ्यात जास्त गळती या सांध्यातूनच होते, कारण भिंत आणि स्लॅब तापून वेगवेगळ्या हलतात. वाटा असला की पाणी कोपऱ्यात बसत नाही, घसरून पुढे जातं. पाइपही एकच ठेवायचा नाही. निदान दोन, चार इंची. एक पानांनी तुंबला तर दुसरा हवा. नवेगावसारख्या तलावालाही सांडवा लागतोच की! पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या तलावालासुद्धा जास्तीच्या पाण्याला जायला वाट ठेवावी लागते, नाहीतर पाळच फुटते. मग गच्चीचं काय घेऊन बसलात?

एक सांगायला हवं. जुन्या, कमकुवत स्लॅबवर हा कोबा सरसकट घालत नाहीत, कारण विटांचं वजन खूप होतं. तिथे माहीतगार इंजिनीअरला विचारावं. दुकानात डब्यांत रबरासारखे लेप मिळतात, ब्रशने लावायचे. काही चांगले असतातही. पण खाली उतार नसेल आणि डबकं तसंच राहणार असेल, तर लेप किती दिवस झुंजणार? माझ्या मते तरी आधी उतार, मग लेप.

काम संपल्यावर परीक्षा! आणि या परीक्षेसाठीच मी तिथे तीन दिवस मुक्काम केला असं म्हटलं तरी चालेल. मिस्त्रीकाकांनी पाइपांची तोंडं गोणपाट आणि मातीने बंद केली. गच्चीवर मधूनमधून बोटभर उंचीचे मातीचे बांध घातले आणि चौकोनांत पाणी सोडलं. मी शेजारच्या जिन्यावरून बघितलं तर काय! गाडीच्या खिडकीतून दिसल्या होत्या तशाच बांध्या, फक्त दुसऱ्या मजल्यावर! धान तेवढा पेरायचा राहिला होता. नवा स्लॅब ओतल्यावरही तो पक्का व्हावा म्हणून असेच बांध घालून आठवडा-दहा दिवस पाणी भरून ठेवतात. आयुष्यभर धुरे घातलेल्या हातांना हे काम किती सहज येत होतं! त्यांतले दोन मजूर देवरी तालुक्यातले होते. मृग लागला की ते खऱ्या बांध्यांवर परतणार होते.

मग तीन दिवस सगळे जण वर नाही, खाली बघत होते. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत, माना वर करून छताकडे. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात, पंख्यापासून लांब, तळहाताएवढा ओला डाग दिसला. मिस्त्रीकाकांनी त्याभोवती कोळशाने वर्तुळ काढलं. वाढतोय का बघायचं. संध्याकाळी तो वर्तुळाच्या बाहेर आला. वरचं त्या चौकोनातलं पाणी काढलं. पाहतात तर वाट्यात, पाइपाच्या अगदी तोंडाशी, एक बारीक फट राहिली होती. ती खरवडून पुन्हा भरली, दोन दिवस ओली ठेवली आणि पुन्हा पाणी भरलं. या वेळी छत कोरडं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरातल्या काकूंनी फक्त पलंग ओढून पुन्हा त्या कोपऱ्यात लावला.

परतताना गाडीतून मी छपरंच मोजत होतो. कवेलूंची किती, इंग्रजी कवेलूंची किती, टिनाची किती, स्लॅबची किती. आणि एक नवाच प्रकार दिसला. बऱ्याच स्लॅबच्या घरांवर लोकांनी लोखंडी खांब उभे करून वर टिनाचं उतरतं छप्पर टाकलं होतं. गच्चीवर पाऊसच पडू द्यायचा नाही! खाली धानाची पोती रचलेली, दोरीवर कपडे, एका ठिकाणी तर मुलांचा कॅरमही मांडलेला. कोबा करायला पैसे नव्हते म्हणा, किंवा त्यावर विश्वास नव्हता म्हणा, पण घरावर घर केल्यासारखा आढं आणि पाखी पुन्हा एकदा वर जाऊन बसली होती.

आता तुमच्यासाठी एक काम. पहिला मोठा पाऊस थांबला की अर्ध्या तासाने घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गच्चीवर जा. कठड्यापासून लांब राहायचं, आणि कवेलूच्या किंवा पत्र्याच्या छपरावर मुळीच चढायचं नाही. ते काम जाणत्यांचं. गच्चीवर जिथे जिथे डबकं उरलं असेल, त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा. पाइपाच्या तोंडाशी अडकलेली पानं, पतंगाचे तुकडे, चेंडू काढा. मग खाली या आणि त्या डबक्यांच्या बरोबर खाली घराचा कुठला भाग येतो ते बघा. कागदावर गच्चीचा नकाशा काढून तारीख घाला. पुढच्या पावसानंतर तसाच दुसरा काढा. आणि तुमचं घर कवेलूंचं असेल, तर तुमचं काम आणखी सोपं आहे. भर दुपारी दार लोटून घ्या, वर बघा, आणि उन्हाच्या टिकल्या मोजा.